तिची परीक्षानळी निळी झाली

द्राक्षांच्या गाड्या निघायला लागल्या की मला फॉर्मलिनचा वास येतो. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण नाशकात मार्च असाच येतो. सकाळी अजून स्वेटर अंगावर असतो, दुपारी डोकं तापतं, पेट्यांनी भरलेले ट्रक रस्त्यानं धडधडत जातात, आणि कॉलेजच्या मागच्या दाराशी प्रॅक्टिकल परीक्षेची मुलं पांढरे ॲप्रन काखोटीला मारून उभी दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती पाहिली की मलाही काहीतरी होतं. ती भीती नसते. मी स्पष्टच सांगते, तो हेवा असतो.

परवा बाजारात अर्धा किलो द्राक्षं घेतली. पेटीच्या तळाशी अंथरलेला कागद ओळखीचा वाटला. घड बाजूला सारून पाहिलं तर माझंच एक जुनं पत्रक. मथळा फाटून गेलेला, खाली फक्त ‘ताबडतोब बंद करा’ एवढं उरलेलं. काय बंद करायचं होतं ते मलाही आठवेना.

‘ताई, कागद नेता का द्राक्षं?’ विकणारा म्हणाला.

मी दोन्ही घेतलं.

त्या वर्षीचं पत्रक मात्र मला शब्दाशब्दानं पाठ आहे. त्याचा मथळा होता, ‘डोळ्यांत पाणी, हातात भोपळा’. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. आमच्या विभागाची एक रीत होती. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन समुद्रावर सहल जायची आणि वाळूत जे सापडेल ते डोळे झोंबवणाऱ्या फॉर्मलिनच्या बरणीत बुडवून परत आणायची. खेकडा, शंख, तारामासा, सगळ्यांची एकच गत. बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, बरणी फळीवर. फळीवरच्या कितीतरी बरण्या आमच्याहून वयानं मोठ्या होत्या. एका बरणीवर ‘जेलीफिश’ लिहिलं होतं. आत ढगाळ पाणी आणि तळाला जरासा गाळ. परीक्षेला ती बरणी समोर ठेवत आणि ‘ओळखा’ म्हणत. आम्ही चिठ्ठी वाचून ओळखायचो.

पुस्तकात मात्र नवा धडा आला होता, डीएनएचा. दोन पट्ट्यांची ती पिळदार शिडी आम्ही रंगीत पेन्सिलींनी काढायचो. टापटिपीला वेगळे गुण. माझं म्हणणं साधं होतं. ज्याच्यामुळे बेडूक बेडूक होतो आणि माणूस माणूस होतो, ती गोष्ट आम्हाला पेन्सिलीनं का दाखवता? एकदा हातात द्या. तसं मी लिहिलं, छापून आणलं, आणि फाटकाशी उभी राहून वाटलं. सह्या गोळा केल्या. आमच्या वर्गात सगळ्यात शेवटची सही मंदाची, आणि तीही मी तिचा हात धरून करवून घेतलेली.

मंदा कळवणकडची, कांदा पिकवणाऱ्या घरातली. वसतिगृहात राहायची आणि वर्गात माझ्या शेजारी बसायची. बोलायची कमी. पण तिच्या हातून कधी काही सांडलं नाही, फुटलं नाही. झुरळाची लाळग्रंथी काढायची तर आमच्या हातून तिचा चिखल व्हायचा. तिची पाण्यावर अशी उमलून यायची, जशी हळदीकुंकवाला कुणी सुपारी ठेवावी. पत्रक वाचून ती म्हणाली होती, ‘प्रज्ञे, लय भारी लिहितेस. पण कागदानं काय व्हतं गं? कागद पेरला तर कांदा येतो का?’

‘लढल्याशिवाय काही मिळत नाही, मंदे.’

‘मग तू लढ. मी हाय इथं.’

ती खरंच तिथंच होती. माझा सगळा राग त्या ‘तिथंच असण्या’वर आहे.

विभागप्रमुखांना आम्ही मोठे सर म्हणायचो. त्यांनी माझं पत्रक उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘ठीक आहे. तुम्हीच काढून दाखवा.’ मग एक गोष्ट सांगितली. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रानं विभागाकडे एक नाव मागितलं होतं. तिथे जेलीफिशच्या अंगातून डीएनए काढून कोण कुणाचा नातेवाईक, ते शोधायचं काम सुरू होणार होतं. राहायची सोय, हातखर्चाला विद्यावेतन, आणि समोर समुद्र. जागा एकच. ‘जो कुणी आपल्या प्रयोगशाळेत जेलीफिशचा डीएनए काढून दाखवेल,’ सर म्हणाले, ‘त्याचं नाव मी पाठवीन.’

जागा माझी होती. म्हणजे मी तसं धरूनच चालले होते. मागणी माझी, पत्रक माझं, फाटकाशी उन्हात उभी राहिलेली मी. लढ्याचं फळ लढणाऱ्याला मिळावं, यात चूक काय? हा प्रश्न मी आजही जाहीरपणे विचारायला तयार आहे.

समुद्र मी त्या वर्षीच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला. आमच्या घरात समुद्र पाहिलेलं कुणी नव्हतं. वडील अंबडच्या कारखान्यात लेथवर, आई घर सांभाळून चार घरची धुणीभांडी करायची. मला समुद्र पाहताक्षणी आवडला. त्याच्यासमोर बोललं तर आवाज कुठे आपटून परत येत नाही, हे मला फार आवडलं. मंदा घाटातच दोनदा ओकली होती. वाळूवर उतरून ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘एवढं पाणी आणि एक थेंब रोपाला चालायचा नाय.’ समुद्र आधी मला आवडला होता, हे कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं होतं.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर जेलीफिश पडलेला दिसला. ना डोळा, ना हाड, ना काळीज. पाण्यानंच स्वतःसाठी शिवलेली टोपी असावी तसा. वरचा घुमट काचेसारखा आरपार, त्याच्या आत गुलाबट पिवळ्या चार कोयऱ्या, पैठणीच्या पदरावर असतात तशा गोल मांडलेल्या. खाली लोंबणाऱ्या फाटक्या झालरी, वाळूनं मळलेल्या. जाळं सोडवत बसलेल्या एका बाईनं लांबून ओरडून सांगितलं की हात लावू नका, झोंबतं. मुली मागे सरकल्या.

मी मागे सरकले नाही. भीती घालून माणसाला लांब ठेवायचं ही जुनी चाल आहे, यावर माझं एक तयार भाषण होतं. मी अंधश्रद्धाविरोधी शिबिरात निखाऱ्यांवरून चालून दाखवलेली मुलगी. ते भाषण मी तिथे वाळूवर केलं, बोलता बोलता वाकले आणि त्या घुमटावर सरळ तळहात ठेवला. थंडगार, गुळगुळीत, सोललेल्या ताडगोळ्यासारखा. काहीही झालं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

‘बघा,’ मी म्हणाले. ‘नुसती ऐकीव भीती.’

मंदानं माझ्यावर विश्वास ठेवला. जेलीफिश बरणीत घालायचा होता, म्हणून तिनं दोन्ही हात खालून घातले, जसं तान्ह्या मुलाला उचलतात. आणि ती अशी किंचाळली की जाळंवाली बाई धावत आली. मंदाच्या मनगटावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठले होते. बाईनं तिचा हात समुद्राच्या पाण्यानं धुतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बरणीचं झाकण फिरवत राहिले.

‘तुझ्या भरवशावर हात घातला मी,’ मंदा म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तो हात सगळ्या गाडीत फिरत होता. सर येऊन बघून गेले. ड्रायव्हरनं बघितला. ज्या मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या ती तिच्या वळांवर फुंकर घालत होती. जेलीफिशची बरणी मात्र माझ्या मांडीवर होती. घाटातल्या प्रत्येक वळणाला मी ती पोटाशी धरली. सांगायला लाज वाटायचं कारण नाही, मला त्या वळांचाही हेवा वाटत होता.

बरणीत फॉर्मलिन नव्हतं, स्पिरिट होतं, आणि तेही मी भांडून मिळवलेलं. फॉर्मलिन पेशींमधलं सगळं एकमेकांना असं घट्ट बांधून टाकतं की मग त्यातून डीएनए मोकळा काढता येत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. स्पिरिट कुलूपबंद कपाटात असायचं, परवान्याचा माल. कपाटाची किल्ली सांभाळणारे बबनमामा सहलीच्या आधी मला म्हणाले होते, ‘काय हो प्रज्ञाताई, वस्तीतली भट्टी फोडायला पुढं आणि हितं बाटली मागायलाबी पुढं?’

‘ही पिण्याची नाही, मामा.’

‘फोडायच्या आधी सगळेच असं म्हणत्यात.’

आमच्या वसाहतीतल्या बायांना घेऊन मी दोन महिन्यांपूर्वीच हातभट्टी बंद पाडली होती, आणि ते साऱ्या कॉलेजला माहीत होतं. बाटली पदराखाली घेऊन जावी लागली नाही, एवढंच. पण तेव्हापासून आमच्या विभागाची सहल स्पिरिट घेऊन जाते. ही सुधारणा माझी आहे. ती कुणाच्या नावावर नाही.

मार्च उजाडला. लेखी परीक्षा तोंडावर होती. बाहेर आंब्याचा मोहर गळत होता आणि आत पंखा गरम हवा ढवळत होता. प्रयोगाला नाव द्यायला सर म्हणाले तेव्हा वर्गात दोनच हात वर आले. एक माझा. दुसरा, मनगटावर अजून पुसट तपकिरी रेघा असलेला.

‘तू कशाला?’ मी तिला विचारलं. ‘तुला तर पत्रकाचंही काही नव्हतं.’

‘मला तो झोंबला ना. मग मला बघायचाय.’

ही काय कारणमीमांसा झाली? पण सर म्हणाले, बरणीत जेलीफिश एकच आहे, दोघींनी वाटून घ्या. मी बरणीचं झाकण उघडलं. स्पिरिटमध्ये राहून तो आकसला होता, काचेचा दुधाळ झाला होता, पण घुमट अजून ओळखू येत होता. मी कात्री घेतली. घुमट मोठा, स्वच्छ, एकसंध. तो मी कापून वेगळा केला. आतल्या कोयऱ्या चमच्यानं खरवडल्या. खालच्या झालरी, त्यांत अडकलेली वाळू, सगळं ट्रेमध्ये एका बाजूला सारलं. कोंबडी साफ करताना करतात तसं.

‘हे टाकणारेस?’ मंदानं विचारलं.

‘घाण आहे ती. पोटातली.’

‘मग मी घेऊ?’

‘घे की,’ मी म्हणाले. ‘सगळं घे.’

हे वाक्य मी मोठ्या मनानं म्हटलं होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं.

पुढचं काम सोपं होतं, म्हणजे कागदावर सोपं. कॉलेजच्या मागच्या कच्च्या पपईला चिरा देऊन चीक जमवला, कारण प्रथिनं कापायला तो चालतो. कपडे धुण्याची पावडर, मीठ आणि पाणी एकत्र केलं. पेशींभोवतीचा पडदा हा चरबीचा, तो साबणानं विरघळतो. जो साबण ताटाचा तेलकटपणा काढतो तोच पेशीचं दार उघडतो, हे मला इतकं आवडलं होतं की मी त्याच्यावर पत्रक लिहिणार होते. बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरून आणला. ‘कोणता रंग घालू?’ त्यानं विचारलं. त्या बर्फात स्पिरिटची बाटली गाडून ठेवली. दोघींनी आपापला वाटा खलात घोटला, मलमलीतून गाळला, चीक घातला, जरा ऊब दिली, मग थंड केला. शेवटी नळी तिरकी धरून कडेनं थंड स्पिरिट सोडायचं, इतकं हळू की खालचं पाणी हलता कामा नये. दोन थर होतात. डीएनए असेल तर तो दोन थरांच्या सीमेवर वर येतो.

माझ्या नळीत तो आला. काय आला म्हणून सांगू. पांढराशुभ्र, फुगलेला, धाग्यांचा अख्खा गोळा, यात्रेत काडीवर गुंडाळलेले म्हातारीचे केस असतात तसा. मी काचेची कांडी फिरवली तर तो कांडीवर चढतच गेला. मुलं भोवती जमली. बबनमामासुद्धा वाकून पाहायला लागले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. मी कांडी उंच धरली. मोर्च्यात फलक धरायची सवय असलेला हात होता माझा.

मंदाच्या नळीत जवळजवळ काही नव्हतं. ती नळीकडे डोळे लावून नुसती बसून होती. मग तिनं कांडी बुडवली आणि हळूच वर घेतली. कांडीच्या टोकाला एक तार आली. पाक झाला का ते बोटांमध्ये धरून बघतात, तेव्हा येते तशी, एकच.

‘एवढंच?’ मी म्हणाले.

‘एवढंच दिसतंय,’ ती म्हणाली आणि हसली.

सरांनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, ‘पांढरं पुष्कळ काही असतं. निळं होतंय का बघू.’ त्यांनी एक आम्लाचा द्राव आणला, नाकाला झोंबणारा, व्हिनेगरच्या शंभर बाटल्या एकदम उघडल्यासारखा. डीएनए त्यात उकळला की रंग निळा होतो. दोन नळ्यांत दोघींचे धागे घातले आणि दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. खिडकीतून बाहेरच्या रस्त्यावर द्राक्षांचा ट्रक थांबलेला दिसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण नळ्यांकडे बघवत नव्हतं.

मग बबनमामा म्हणाले, ‘आली की निळाई.’

मी वळून पाहिलं. एक नळी निळी झाली होती. फार गडद नव्हे, धुतलेल्या शाळेच्या शर्टाएवढी निळी. ती मंदाची. माझी नळी होती तशीच राहिली. तीत तो भलाथोरला गोळा बेरंग तरंगत होता.

‘चिकट द्रव्य आहे हे,’ सर मला म्हणाले. ‘घुमटात बहुतेक पाणी आणि हा चिकटपणाच असतो. पेशी फार थोड्या. स्पिरिटमध्ये हाही पांढरा होऊन वर येतो.’ मग ते मंदाकडे वळले. ‘तुम्ही कोणता भाग घेतलात?’

‘तिनं काढून टाकलेला,’ मंदा म्हणाली. ‘कोयऱ्या आणि झालरी. वरनं हात लावला तर काही व्हत नव्हतं, सर. खाली घातला तेव्हा झोंबलं. म्हटलं, जिथं झोंबतंय तिथंच तो जिवंत असणार.’

सर हसले. मी सरांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. नाव त्याच आठवड्यात गेलं. मंदाचं.

आता मला सांगा. बरणी मांडीवर कुणी आणली? स्पिरिट कुणी मिळवलं? तिचं मनगट पोळलं तेही माझ्याच भाषणामुळे. आणि तो निळा रंग ज्यातून निघाला ती घाण मी माझ्या हातानं वेगळी करून तिच्यापुढे सरकवली होती. निम्मा डीएनए तरी माझ्या खात्यावर मांडायला हवा होता.

त्या रविवारी आई चुलीपाशी बसून बोकडाची वजडी साफ करत होती. आमच्याकडे दर रविवारी वजडी व्हायची, चुन्यानं धुतलेली, भरपूर लसूण घालून. मी तिला सगळं सांगितलं. डीएनए तिला माहीत नव्हतं, पण अन्याय कशाला म्हणतात ते चांगलं माहीत होतं, म्हणून मी अन्याय म्हणूनच सांगितलं. ती ऐकत होती, हात चालूच.

‘म्हणजे आतलं सगळं तू टाकून दिलंस?’

‘हो.’

‘आणि वरची कातडी ठेवलीस?’

‘आई, ती कातडी नाही, घुमट म्हणतात.’

‘काही म्हण. आपल्या घरात आतडी टाकतात का गं कधी? कॉलेजात जाऊन हे कुणाचं शिकलीस?’

मी आंघोळीला गेले आणि बादली संपेपर्यंत अंगावर पाणी ओतत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहायला बसले. मथळा झोकात आला, ‘निवडीतला पक्षपात थांबवा’. त्याच्याखाली ‘विद्यार्थी बंधू-भगिनींनो’. त्याच्याखाली मात्र एक अक्षर उमटेना. हेवा हा शब्द पत्रकात चालत नाही, तिथे अन्याय लिहावं लागतं. आणि अन्याय लिहिलं की पुढे कुणी केला ते लिहावं लागतं. सरांनी केला? त्यांनी दिलेला शब्द पाळला होता. मंदानं केला? तिनं विचारून घेतलं होतं. जेलीफिशनं? मी पुष्कळ माणसांच्या वतीनं पुष्कळ मागण्या लिहिल्या आहेत, पण माझ्या स्वतःच्या वतीनं एक वाक्य लिहायला बसले तर हाताशी शब्दच नव्हता. आम्हा कार्यकर्त्यांना शिबिरांत राग कसा धरायचा ते शिकवतात. हेवा कुठे ठेवायचा ते कुणी शिकवत नाही. तो मग आपला आपण राहतो, स्पिरिटमधल्यासारखा, आकसतो पण कुजत नाही.

मंदा गेली त्या दिवशी मी बसस्टँडवर गेले होते. जायचं नव्हतं, तरी गेले. तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक आणि कांद्याची पिशवी. तिचा भाऊ तिकिटाच्या रांगेत होता आणि ती माझा हात धरून म्हणाली, ‘तुझ्यामुळं झालं गं हे सगळं.’

तिनं भांडायला हवं होतं. मिरवायला हवं होतं. मग मला सोपं गेलं असतं. आभार मानणाऱ्या माणसाविरुद्ध लढा कसा उभारायचा?

‘नीट जा,’ मी म्हणाले. ‘घाटात लिंबू हुंगत जा.’

त्यानंतर दर वर्षी शिमग्याच्या आसपास ती घरी येते आणि कळवणला जायच्या आधी माझ्याकडे एक मुक्काम करते. द्राक्षं आणि मंदा, दोन्ही एकाच सुमारास. ती काळी पडली आहे. बोटं मिठानं चिरली आहेत. दोन वर्षांची जागा होती, पण काम आवडलं म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं. पाय पोटाशी घेऊन ती माझ्या खोलीत बसते आणि आईच्या हातची वजडी खात सांगते, ‘प्रज्ञे, तो वाळूवर बघायचा नसतो. पाण्यात बघायचा. पाण्यात असा उघडमीट करतो, की वाटतं पाणीच श्वास घेतंय.’ मी हं हं करते. मला त्या चिरलेल्या बोटांचा हेवा वाटतो. ‘तुझं काय चाललंय’ असं ती विचारते तेव्हा मी सांगते की वसाहतीत नळ आला, पत्रकानं आला. ती मनापासून म्हणते, ‘बघ, कागद पेरला आणि पाणी आलं.’ ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवून, माझं माप माझ्या पदरात टाकून ती झोपते. मी जागी राहून तिच्या घोरण्याचासुद्धा हेवा करते. झोप लागणाऱ्या माणसांचं घोरणं वेगळं असतं.

यंदा ती अजून आलेली नाही. द्राक्षं आली.

काल कॉलेजात गेले होते. शिष्यवृत्ती उशिरा मिळते त्याचं पत्रक होतं. फाटकाशी वाटून झालं, थोडी उरली, म्हणून मागच्या दारानं प्राणिशास्त्राच्या मजल्यावर गेले. प्रयोगशाळेचं दार उघडं. तोच पंखा, तीच गरम हवा. मोठे सर आता नाहीत, बबनमामा आहेत. त्यांनी मला बघून मान हलवली आणि कपाटाची किल्ली उगाचच खिशात सरकवली. फळ्यावर खडूनं मथळा तेवढा लिहिला होता, कृती लिहायची बाकी होती: ‘जेलीफिशमधून डीएनए वेगळा करणे, मंदाची पद्धत’. पद्धत. मला वाचून हसू आलं. झोंबलं तिथून घ्यायचं, याला आता पद्धत म्हणतात.

खिडकीपाशी एक मुलगी एकटीच काम करत होती. बारकी, लांब वेणीची, पेठ तालुक्याकडची असावी, कारण ती स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती आणि ते डोंगराकडच्या बोलीत होतं. स्पिरिटच्या बरणीतून काढलेला जेलीफिश तिच्यापुढे ट्रेमध्ये होता. तिनं घुमट कापून वेगळा केला. तो उजेडाकडे धरून बघितला. चेहऱ्यावर एक खुशी आली, ती मी ओळखली. मग तिनं कोयऱ्या आणि झालरी चमच्यानं एका कडेला ओढल्या आणि ट्रे बेसिनकडे वाकवला.

मला वाटलं, वाकवू दे. टाकू दे. मीही टाकलं होतं. तिचाही पांढरा गोळा होऊ दे, तिलाही टाळ्या मिळू देत, आणि मग तिनंही बेरंग नळीकडे बघावं. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि ट्रे अजून तिरपा होत होता. मी दारातून ओरडले, ‘थांब. ते टाकू नकोस.’

मुलगी दचकली. ट्रे सरळ झाला. झालरीचं एक टोक कडेवरून लोंबत राहिलं, तेवढं मी जाऊन बोटानं आत घेतलं.

‘त्यातच आहे ते,’ मी म्हणाले. ‘वरचा भाग बाजूला ठेव. तो नुसता दिसायला.’

तिनं माझ्या हातातल्या पत्रकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘तुमी हितं शिकवता का, बाई?’

‘नाही.’

‘मग तुमाला कसं ठावं? ही त मंदाताईंची पद्धत.’ तिनं फळ्याकडे बोट केलं, आणि मी काहीतरी चुकीचं सांगत असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

बाहेरून द्राक्षांचा ट्रक गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या. मी उरलेली पत्रकं तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि ती वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर तिचा खल ठेवला.

‘पद्धत मंदाचीच आहे,’ मी म्हणाले. ‘जेलीफिश माझा होता.’